लहान सस्तन प्राण्यांच्या शिश्नातलं हाड: ते एवढं वेगवेगळं का?

उंदीर, खार, वटवाघूळ, मुंगूस यांच्या नरांमध्ये एक असं हाड असतं, जे उरलेल्या सांगाड्याला कुठेच जोडलेलं नसतं. ते शिश्नाच्या टोकाकडच्या भागात, मूत्रमार्गाच्या वरच्या अंगाला, मऊ ऊतींमध्ये असतं. त्याला सांधा नाही, शेजारी दुसरं हाड नाही. शास्त्रीय लेखनात त्याला बॅक्युलम म्हणतात. मराठीत शिश्नास्थी म्हणता येईल. माणसात ते नसतं, त्यामुळे शाळेतल्या जीवशास्त्रात ते भेटत नाही आणि अनेकांना त्याची माहिती थेट कुठल्यातरी 'अजब पण खरं' छापाच्या यादीतून होते. अशा यादीत वॉलरसचं साठेक सेंटिमीटर लांबीचं हाड हमखास असतं.

वॉलरसला बाजूला ठेवू. या हाडाची खरी गंमत लांबीत नाही, आणि मोठ्या प्राण्यांतही नाही. ती आहे मुठीत मावणाऱ्या प्राण्यांत. घरातल्या उंदराचं बॅक्युलम जेमतेम सात-आठ मिलिमीटरचं असतं. पण अशाच आकारमानाच्या दोन प्राण्यांची कवटी, दात, कान, शेपूट जवळपास सारखे असताना हे एवढंसं हाड साफ वेगळं असू शकतं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात आकाराची इतकी विविधता असलेलं दुसरं हाड दाखवणं कठीण आहे.

आधी ते कुणाला असतं आणि कुणाला नसतं ते पाहू. कृंतक म्हणजे कुरतडणारे प्राणी, वटवाघळं, मांसभक्षक, बहुतेक माकडं आणि काही कीटकभक्षक यांच्यात ते आढळतं. घोडा, गाय, हरीण, हत्ती, देवमासा आणि कांगारूसारखे शिशुधान प्राणी यांच्यात नसतं. पण ही विभागणी वाटते तेवढी स्वच्छ नाही. मांसभक्षकांत असूनही तरसाला ते नाही. ससे आणि पिका (सशांचे छोटे नातेवाईक) हे एकाच गणातले. या गणात हे हाड नाहीच असं बराच काळ मानलं जायचं, आणि २०१४ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या अमेरिकन पिकांमध्ये ते सापडलं. ससे मात्र अजूनही 'नाही'च्याच रकान्यात आहेत.

मग हे हाड मुळात आलं कुठून? २०१६ मध्ये यावर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि दोघांची उत्तरं पूर्णपणे जुळत नाहीत. एका गटानं जवळपास हजार जातींचा वंशवृक्ष घेऊन हिशेब मांडला आणि काढलं की हे हाड सस्तन प्राण्यांत किमान ९ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झालं आणि किमान १० वेळा नाहीसं झालं. दुसऱ्या गटाच्या मते ते साधारण १४.५ कोटी ते ९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात आलं, आणि माकडं व मांसभक्षक यांच्या सामाईक पूर्वजाकडे ते होतं.

हा वाद फक्त वंशावळीचा नाही, त्याचा पुढच्या प्रत्येक तुलनेशी संबंध आहे. समजा उंदराचं आणि वटवाघळाचं बॅक्युलम वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पूर्वजांत निर्माण झालं असेल, तर ती दोन एकाच हाडाची रूपं नाहीत. जागा तीच, पण हाडं दोन. अशा वेळी एकाच तक्त्यात उंदीर, वटवाघूळ आणि वॉलरस यांच्या लांबीची रांग लावून कारण शोधत बसलं तर हाती फारसं काही लागणार नाही. माझ्या मते म्हणूनच या विषयातलं सगळ्यात भरवशाचं काम जवळच्या नात्यातल्या जातींवर, किंवा एकाच जातीच्या नरांवर झालेलं आहे.

आकारांची जत्रा

उत्तर अमेरिकेतल्या डिअर माउसचं बॅक्युलम म्हणजे एक साधी बारीक काडी: बुडाशी थोडी रुंद, टोकाकडे निमुळती. त्याच भागातल्या व्होल या आखूड शेपटीच्या उंदरांकडे मात्र त्रिशूळ असतो. बुडाला रुंद हाड, आणि त्याच्या पुढे तीन छोटी बोटं. ही बोटं आधी कूर्चेची, म्हणजे कच्च्या हाडासारख्या लवचीक ऊतीची, असतात आणि वय वाढेल तशी कमी-अधिक प्रमाणात हाडाची होतात. विसाव्या शतकाच्या मध्यात एमेट हूपर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या उंदरांच्या शिश्नांचा बारकाईनं अभ्यास केला. साधी काडी असलेले आणि तीन बोटांचे असे दोन ठळक गट त्यातून पुढे आले, आणि दक्षिण अमेरिकेतल्या उंदरांचं वर्गीकरण करताना हा फरक वर्षानुवर्षं वापरला गेला. कांगारू रॅट या उड्या मारणाऱ्या कृंतकाकडे फुगीर बुडाची, वर वळलेल्या टोकाची काडी असते.

खारींत तर आणखी वैविध्य. जमिनीवर राहणाऱ्या अनेक खारींच्या हाडाचं टोक पळीसारखं पसरट असतं आणि त्याच्या कडेला बारीक दात असतात. चिपमंक या पट्टेदार छोट्या खारींचा दांडा बारीक आणि टोक एका कोनात वर उचललेलं. आग्नेय आशियातल्या कॅलोसियुरस खारींत दांड्यावर एक वेगळं, पात्यासारखं हाड बसवलेलं असतं, म्हणजे एका हाडाऐवजी दोन तुकडे. आणि उत्तर अमेरिकेतल्या लाल खारीत हे हाड इतकं लहान झालंय की शोधायला भिंग लागावं. याच खंडातल्या फॉक्स खारीत मात्र ते चांगलं जाडजूड असतं.

संग्रहालयात काम करणाऱ्यांच्या हे सगळं फार पूर्वीच लक्षात आलं होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले ऑल्डफिल्ड थॉमस यांनी १९१५ मध्येच खारींच्या वर्गीकरणासाठी या हाडाचा आधार घेतला. १९२३ मध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांनी खारींच्या संपूर्ण कुळाची मांडणी करताना त्याला मोठं स्थान दिलं. वटवाघळांच्या बाबतीत असंच पाऊल १९८७ मध्ये जॉन हिल आणि डेव्हिड हॅरिसन यांनी उचललं. पिपिस्ट्रेल नावाची छोटी वटवाघळं दिसायला एकसारखी असतात आणि त्यामुळे एकाच प्रजातीत भरपूर जाती कोंबल्या गेल्या होत्या. बॅक्युलमकडे पाहिल्यावर त्यांतल्या अनेकांची घरं बदलली. कुणाचं हाड लांब, सडपातळ आणि टोकाला दुभंगलेलं, तर कुणाचं आखूड आणि पसरट. दोघांना सख्खे म्हणणं अवघड झालं. पुढे डीएनएच्या आधारे त्यातला काही भाग पुन्हा बदलला, पण या गटातली नर वटवाघळं ओळखताना आजही हे हाड पाहिलं जातं.

कुलूप आणि किल्ली?

जाती-जातींत एवढा ठळक फरक दिसला की पहिलं स्पष्टीकरण आपोआप सुचतं: नराचं हाड किल्ली, मादीचा मार्ग कुलूप, चुकीच्या जातीची किल्ली लागणार नाही, त्यामुळे संकर टळतो. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेओं द्युफूर यांनी १८४४ मध्ये ती कीटकांच्या संदर्भात मांडली होती. सुटसुटीत आहे, पटकन पटते, आणि छोट्या सस्तन प्राण्यांत ती बहुधा फारशी लागू पडत नाही.

चिपमंक हे त्याचं उत्तम उदाहरण. पश्चिम उत्तर अमेरिकेत चिपमंकांच्या बऱ्याच जाती आहेत. पाठीवर तेच पट्टे, तोच बांधा. हातात घेऊनही अनुभवी माणसाची फसगत व्हावी. १९५३ मध्ये त्यांच्या बॅक्युलमचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि तेव्हापासून हे हाड त्यांची ओळख पटवायचं मुख्य साधन आहे. काही जातींच्या जोड्या तर आजही मुख्यतः जननेंद्रियातल्या हाडावरूनच वेगळ्या सांगता येतात. कुलूप-किल्ली खरी असती तर इथे संकर व्हायलाच नको होता. पण २००३ मध्ये उत्तर रॉकी पर्वतातल्या चिपमंकांचा डीएनए तपासला गेला, तेव्हा काही यलो-पाइन चिपमंकांमध्ये रेड-टेल्ड चिपमंकाकडून आलेला मायटोकाँड्रियल डीएनए मिळाला. या दोन जातींच्या हाडांचे आकार स्पष्ट वेगळे आहेत. तरीही त्यांच्यात कधीतरी मीलन झालं, पिल्लं झाली, आणि त्या पिल्लांचीही पुढे पिल्लं झाली. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून येतो, म्हणजे रेड-टेल्ड मादीच्या पोटी हा संकर सुरू झाला असणार.

तेव्हा हाडाचा वेगळा आकार म्हणजे मिश्रणाविरुद्धची भिंत नव्हे. मग आकार इतक्या झपाट्यानं बदलतो कशामुळे?

सध्या सर्वांत जास्त पुरावा आहे तो लैंगिक निवडीच्या बाजूनं. उंदीर-घुशींच्या बऱ्याच जातींत मादी एकाच माजाच्या काळात एकापेक्षा जास्त नरांशी मीलन करते. एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हणजे नरांची स्पर्धा मीलनापाशी संपत नाही, ती मादीच्या शरीरात चालू राहते: कुणाचे शुक्राणू पोचतील, किती पोचतील. अशा स्पर्धेचा अंदाज घ्यायला जीवशास्त्रज्ञ शरीराच्या मानानं वृषणांचं वजन बघतात. स्पर्धा जास्त तर वृषण मोठे. २००७ मध्ये स्टीव्हन रॅम यांनी हा संबंध तपासला, तेव्हा कृंतक आणि मांसभक्षक प्राण्यांत मोठे वृषण आणि लांब बॅक्युलम यांची सांगड दिसली. वटवाघळांत आणि माकडांत दिसली नाही. एकच कारण सगळीकडे लावता येत नाही याची ही आणखी एक खूण.

पण अशा अभ्यासात जातींची सरासरी असते. प्रत्यक्ष नराला काय फायदा होतो हे कळायला एकाच जातीत, नर मोजून, त्याची पिल्लं मोजावी लागतात. लिव्हरपूल विद्यापीठात पॉला स्टॉकली आणि सहकाऱ्यांनी घरातल्या उंदरांवर नेमकं तेच केलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नर आणि माद्या मोठ्या कुंपणात मोकळ्या सोडलेल्या, पिल्लांचं पितृत्व डीएनएवरून ठरवलेलं. ज्या नरांचं बॅक्युलम रुंद होतं त्यांची पिल्लं जास्त. लांबीचा परिणाम दिसला नाही.

हा निकाल मला या सगळ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो. वर्षानुवर्षं लोक लांबी मोजत आले, कारण लांबी मोजणं सोपं. आणि निवडीची धार चालत होती जाडीवर.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून दुसऱ्या बाजूनं दुजोरा आला. ली सिमन्स आणि रेनी फर्मन यांनी उंदरांचे दोन वंश वाढवले होते: एकात प्रत्येक मादीला एकच नर, दुसऱ्यात अनेक. २७ पिढ्यांनंतर पाहिलं तर स्पर्धा असलेल्या वंशातल्या नरांचं बॅक्युलम जाड झालं होतं. उंदरांच्या हिशेबात २७ पिढ्या म्हणजे फार काळ नव्हे. हाडासारखी कठीण गोष्ट एवढ्या लवकर बदलते हे पाहिलं की वर सांगितलेली आकारांची जत्रा तितकीशी अशक्य वाटत नाही.

आणि त्याहून पुढचं: बदलायला पिढ्याही लागतातच असं नाही. त्याच शास्त्रज्ञांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की आसपास प्रतिस्पर्धी नर जास्त असल्याची चाहूल लागत वाढलेल्या उंदरांच्या बॅक्युलमचा आकार, अशी चाहूल कमी लागत वाढलेल्या उंदरांपेक्षा वेगळा होतो. जनुकं तीच, परिस्थिती वेगळी. युरोपातल्या बँक व्होलमध्येही २०१२ साली असाच एक धागा मिळाला: वर्चस्व गाजवणाऱ्या नरांच्या बॅक्युलमचं बूड दबून राहणाऱ्या नरांपेक्षा रुंद होतं. इथे हार्मोनचा हात असणार हा तर्क सरळ आहे, कारण हे हाड नर-हार्मोनवर वाढतं. मात्र आधी वर्चस्व की आधी हाड, हे नुसत्या मोजमापातून सांगता येत नाही.

जाड हाडाचा नेमका उपयोग काय, यावर मतं अनेक आहेत. मादीच्या प्रजननमार्गाला जास्त उद्दीपन मिळतं, हे एक. मीलन लांबलं तरी ताठपणा टिकतो, हे दुसरं. लांबलेल्या मीलनाची कल्पना ॲलन डिक्सन यांनी १९८७ मध्ये माकडांच्या संदर्भात मांडली होती. तिसरं अगदी यांत्रिक आहे. २०१५ मध्ये वटवाघळांच्या शिश्नांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून त्रिमिती नमुने बनवले गेले. त्यावरून, ताठरलेल्या ऊतींचा दाब मूत्रमार्गावर येऊन तो बंद होऊ नये याची काळजी हे हाड घेतं, असं दिसलं. या तीनही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काही हरकत नाही. वेगवेगळ्या वेळी निर्माण झालेल्या हाडांकडून एकाच कामाची अपेक्षा करणं हीच मला चुकीची सुरुवात वाटते.

वयाचा घोळ

आता थोडा रुक्ष, पण टाळता न येणारा भाग. जंगलातून पकडलेल्या पन्नास व्होलची हाडं टेबलावर मांडली आणि त्यांत भरपूर फरक दिसला, तर तो फरक कशाचा? बऱ्याचदा वयाचा.

बाकीच्या हाडांची वाढ एका टप्प्यावर जवळपास थांबते, पण बॅक्युलम वयात येताना एकदम बदलतं आणि पुढेही जाड होत राहतं. हे सर्वांत छान दिसतं ते वीझलमध्ये, म्हणजे मुंगसासारख्या लांबट अंगाच्या छोट्या मांसभक्षकात. त्या वर्षी जन्मलेल्या नराचं हाड बारीक आणि हलकं असतं. प्रौढाचं जड, आणि बुडाशी खडबडीत गाठी आलेलं. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फिलिप राइट यांनी १९४७ पासून लाँग-टेल्ड वीझलमध्ये हा बदल तपासला. तेव्हापासून वीझल आणि त्यांच्या नातेवाइकांचं वय ठरवायला या हाडाचं वजन हे रोजच्या वापरातलं माप झालं: शरद-हिवाळ्यात पकडलेला नर यंदाचा की आधीचा, हे त्यावरून कळतं.

तेव्हा दोन डोंगरांवरच्या व्होलची तुलना करताना एकीकडे तरुण नर जास्त आणि दुसरीकडे प्रौढ जास्त पकडले गेले, तर हाती येईल तो 'स्थानिक प्रकार' नसून पिंजरे लावण्याच्या मोसमाचा परिणाम असेल. त्रिशूळाच्या बोटांचं तर फारच जपून. कोवळ्या नरात ती कूर्चेची असतात, सुकवताना आक्रसतात किंवा पार निघून जातात, आणि संग्रहालयातल्या डबीत उरतं ते एकच बुडाचं हाड. मग कुणी लिहून ठेवतं, या जातीत बोटं नसतात.

हाड बाहेर काढायची पद्धत यासाठी महत्त्वाची ठरते. जुन्या रीतीत शिश्न पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात, मऊ भाग पारदर्शक होतो, अलिझरिन रंगानं हाड लाल होतं आणि नमुना ग्लिसरीनमध्ये टिकवतात. कूर्चा त्यात रंगत नाही, पण जागेवर राहते. नुसतं उकळून, खरवडून काढलं तर कूर्चा गेलीच. आता सूक्ष्म सीटी स्कॅनमुळे काही कापावं लागत नाही आणि आकार तिन्ही मितींत मिळतो. तरी मोजण्याची अडचण राहतेच. कवटीवर नेमके, नाव असलेले बिंदू असतात: डोळ्याच्या खोबणीची कड, दोन हाडांची शिवण. बॅक्युलमवर असे खुणेचे बिंदू दोन-चारच. त्यामुळे कडेनं ठरावीक अंतरावर बिंदू पेरून संपूर्ण बाह्यरेषेची तुलना करावी लागते. पाळीव उंदरांच्या ज्ञात वंशांवर अशी मोजणी करून या आकाराशी जोडलेले जनुकीय भागही शोधले गेलेत. आकारमान आणि घडण यांच्यावर वेगवेगळ्या भागांचा प्रभाव दिसतो.

मादीचं काय?

अनेक जातींच्या माद्यांतही याच्या जोडीचं हाड असतं, शिश्निकेत, म्हणजे क्लायटोरिसमध्ये. त्याला बॉबेलम म्हणतात. ते नराच्या हाडापेक्षा बहुतेक वेळा खूप लहान असतं, आणि त्याचं असणं-नसणंही अधिक बेभरवशाचं. २०१८ मध्ये यावर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की उत्क्रांतीत आणि शरीराच्या वाढीतही बॉबेलम बॅक्युलमपेक्षा जास्त अस्थिर आहे. एकाच जातीच्या काही माद्यांत ते मिळतं, काहींत मिळत नाही. बॅक्युलम नाही पण बॉबेलम आहे असा प्राणी मात्र दिसत नाही, त्यामुळे मादीतलं हाड हे नरातल्या हाडामागून ओढलं गेलेलं असावं, हा अंदाज बळावतो.

तरी त्याला नुसता उरलेला अवशेष म्हणून सोडून देणं घाईचं होईल. चिपमंकांच्या ज्या जोड्या नराच्या हाडावरून ओळखतात, त्यांतल्या सिस्कियू आणि शॅडो या जोडीत मादीचं हाडही वेगळं आहे. २००० साली या दोघांची सीमारेषा पुन्हा आखली गेली तेव्हा दोन्ही लिंगांची हाडं वापरली होती. नुसता अवशेष असता तर त्यानंही जातीनुसार ठरावीक रूप घ्यावं, हे तितकंसं अपेक्षित नाही.

अडचण अशी की मादीकडे पाहणारेच कमी. प्रजनन-अवयवांच्या उत्क्रांतीवरच्या संशोधनाचा २०१४ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा नरांवरचं काम माद्यांवरच्या कामापेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दिसलं, आणि हा कल वर्षांगणिक कमी होत नव्हता. बॅक्युलमच्या बाबतीत याचा थेट तोटा आहे. जाड हाड मादीला जास्त उद्दीपन देतं असं म्हणायचं, तर ज्या मार्गात ते उद्दीपन होतं त्याची रुंदी, लवचीकता, घड्या यांची मापं त्याच जातीत, त्याच माळरानावरच्या माद्यांत घ्यायला हवीत. पिंजऱ्यात सापडलेल्या व्होल माद्यांच्या बाबतीत अजूनही वजन, गर्भ आहे की नाही आणि स्तनाग्रांची स्थिती एवढंच बहुधा नोंदलं जातं.